भित्तिचित्राची परवानगी : भिंत कोणाची, हे ठरायला 12 आठवडे

भिंत 62 फूट लांब, 9 फूट उंच. रंगकाम 11 दिवसांत झालं. ना हरकत पत्र हातात यायला 15 आठवडे लागले आणि त्यातले 12 एकाच प्रश्नावर गेले: ही भिंत आहे कोणाची? मुंबईत रस्त्याकडेच्या भिंतीवर चित्र काढू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी अडवणार, म्हणून तो आधी सविस्तर सांगतो.

इमारतीला मालक असतो. वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर 2014 मध्ये दादासाहेब फाळके रंगले. तिथे भिंत कोणाची, हा प्रश्नच येत नाही. रस्त्याकडेच्या संरक्षक भिंतीचं तसं नसतं. फूटपाथ एका कार्यालयाचा, भिंतीमागची भरावाची जमीन दुसऱ्याची, आणि भिंत बरोबर हद्दीवर. पहिल्या कार्यालयाने सांगितलं, 'भिंत आतल्यांची.' आतल्यांनी सांगितलं, 'रस्त्याकडचं तोंड आमच्याकडे येत नाही.' दोन्ही उत्तरं तोंडी. खिडकीवर मिळालेलं तोंडी उत्तर फाइलला लागत नाही, आणि तोंडी 'करा की' तर त्याहून धोक्याचं. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम 1995 चा आहे, आणि उद्या कोणी तक्रार केली तर हातात कागदच लागतो.

मी सहा आठवडे चुकीचा प्रश्न विचारत होतो. 'मालक कोण?' या प्रश्नावर दोन्ही कार्यालयांना हात वर करता येतात. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि भूखंडाचा नकाशा काढला, तर त्यांत क्षेत्रफळ आणि हद्द मिळाली; भिंत रेषेच्या अलीकडे की पलीकडे, ते कळेना. नकाशाच्या त्या प्रमाणात दीड फूट जाडीची भिंत म्हणजे पेन्सिलीची एक रेघ. विचारायला हवं होतं ते हे: शेवटचं प्लास्टर कोणी केलं? भिंतीवर ज्याने पैसे खर्च केले, तो 'आमची नाही' म्हणू शकत नाही.

म्हणून माहितीचा अधिकार वापरला. दोन्हीकडे एकेक अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर 150 शब्दांच्या आत, विषय एकच: अमुक खांबापासून तमुक फाटकापर्यंतच्या संरक्षक भिंतीच्या दुरुस्तीचे मागील दहा वर्षांतले कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींच्या प्रती. खांबाचा क्रमांक लिहाच. नुसता 'पुलाजवळची भिंत' असा उल्लेख केला की 'ठिकाणाचा बोध होत नाही' असं उत्तर येतं. उत्तराची मुदत 30 दिवसांची. पण खरा उपयोग कलम 6(3) चा झाला. माहिती आपल्याकडे नसेल तर अर्ज पाच दिवसांत संबंधित कार्यालयाकडे पाठवून तसं अर्जदाराला कळवावं लागतं. म्हणजे 'आमची नाही' म्हणणाऱ्याला 'मग कोणाची' हेही लेखी द्यावं लागतं. एका कार्यालयाने तसं पत्र पाठवलं, दुसऱ्याकडून जुन्या दुरुस्तीचा कार्यादेश निघाला, आणि दोन्ही कागद जोडून मी संयुक्त पाहणीची मागणी केली. पाहणी 20 मिनिटांत उरकली. त्या 20 मिनिटांसाठी आमचा कोरडा, थंड हंगाम वाया गेला, याचा राग अजून गेलेला नाही.

पाहणीचं टिपण तिथेच लिहून घ्या, दोन्ही बाजूंच्या सह्यांसकट. नंतर 'पाठवतो' म्हटलेलं टिपण येत नाही.

पुढचं भराभर झालं. रंगीत मसुदा मोजमापासकट, जाहिरात नसल्याचं हमीपत्र, देखभाल कोण करणार याचं पत्र, पोलीस ठाण्याला माहिती. हे आधी सांगायला हवं होतं: रंग कंपनीने डबे फुकट दिले तरी तिचं चिन्ह भिंतीवर काढू नका. बोटभर चिन्हानेही चित्राची जाहिरात ठरू शकते, आणि मग महापालिका अधिनियमाच्या 328 आणि 328-अ कलमांखालच्या परवान्याचा वेगळाच रस्ता सुरू होतो. आमचा विषय तिवरं, रोहित पक्षी आणि निवट्या, म्हणजे चिखलात बिळं करणारे मासे. त्यावर कोणी हरकत घेतली नाही. ओळखीच्या व्यक्तीचा चेहरा असेल तर मसुद्यावर जास्त प्रश्न येतात, तेवढा वेळ धरून ठेवा.

आता भिंतीबद्दल. संरक्षक भिंतीच्या मागे ओली माती असते, त्यामुळे खार आतून येतो. पांढरा खार आधी कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा, मगच धुवा. थेट पाणी मारलं तर तो विरघळून परत आत जातो आणि प्राइमरखालून वर येतो. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आत दव दिसलं तर रंग लावू नका. पाणी निचऱ्याची भोकं सिमेंटने बुजवायची नाहीत, रंगकाम करणारा 'साफ दिसेल' म्हणाला तरी. पाणी अडलं की पहिल्याच पावसाळ्यात रंग फुगतो. आम्ही ती भोकं निवट्यांची बिळं म्हणून चित्रात घेतली.

558 चौरस फुटांना बाहेरच्या कामाचा अॅक्रिलिक प्राइमर 6 लिटर लागला, पांढऱ्या एक्स्टीरियर इमल्शनचे दोन हात द्यायला 11 लिटर. खडबडीत प्लास्टर असेल तर दीडपट धरा. नव्या प्लास्टरला 28 दिवस द्या. ओलसर भिंतीवर पुट्टी नको, पापुद्रे सुटतात. भडक गुलाबी आणि लिंबू पिवळा पश्चिमेच्या उन्हात लवकर उडतात. गेरूचा लाल आणि ऑक्साइडचा पिवळा टिकतात. म्हणून रोहितांचा गुलाबी आम्ही गेरूत पांढरा मिसळून केला. उशिरा परवानगी मिळाल्याने काम तापत्या दिवसांत आलं: सकाळी साडेसहा ते साडेदहा, मग संध्याकाळी पाचनंतर. तापल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे उमटतात. तेव्हा पाणी वाढवायचा मोह होतो, पण डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पाणी घातलं की वर्षभरात रंग हाताला पावडरीसारखा लागतो.

तळाचा एक फूट गडद तपकिरी ठेवा, कारण तिथे चिखल उडतो आणि पानाच्या पिचकाऱ्या येतात. चार ते सात फुटांच्या पट्ट्यात मोकळं आकाश ठेवू नका. पोस्टर तिथेच चिकटतं. आमच्या भिंतीवर त्या उंचीला तिवरांची दाट पानं आहेत. अर्धा लिटर गेरू-गुलाबी डब्यात बंद करून ठेवलाय, डब्यावर मिश्रणाचं प्रमाण लिहून. पहिल्या पावसानंतर डागडुजी करताना तोच रंग पुन्हा जुळवायला तो लागणार आहे.