वहीतले किलोमीटर आणि टायरमधली तार

नाशिकमध्ये आनंदवलीहून अंबडच्या एमआयडीसीत जाऊन-येऊन 19 किलोमीटर होतात. गेल्या वर्षी दसऱ्याला गियरची सायकल घेतली आणि तेव्हापासून कामावर सायकलनेच जाते. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. तारीख, सायकलच्या मीटरवरचा किलोमीटरचा आकडा, काय बिघडलं, किती पैसे गेले, एवढंच त्यात लिहायचं. कारखान्यात माझं काम मोजमापाचं, त्यामुळे आकडा लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

या दिवाळीनंतर मागचं चाक नऊ दिवसांत तीनदा पंक्चर झालं. पहिल्यांदा वाटलं बाभळीचा काटा असेल, गंगापूर रोडच्या मळ्यांकडून रविवारी फिरून आले होते. दुसऱ्यांदा एका दुकानात दाखवलं तर टायरच बदला म्हणाले. टायर जेमतेम वर्षाचा होता, नक्षी चांगली शाबूत होती. मन तयार होईना. तिसऱ्यांदा हवा गेली तेव्हा सायकल ढकलत जुन्या नाशकात सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे नेली. माझ्या वडिलांची सायकलही तेच बघायचे.

चाचांनी ट्यूब काढायच्या आधी टायरवर वॉल्व्हच्या समोर खडूने खूण केली. मग ट्यूब फुगवून पाण्यात धरली. बुडबुडे आले तिथे बोट ठेवून मला म्हणाले, "ताई, आधीचे दोन पॅच बघा. तिन्ही भोकं वॉल्व्हपासून एकाच अंतरावर आहेत. दोष ट्यूबमध्ये नाही." टायरच्या आत बोट फिरवलं तर काहीच लागेना. तेव्हा त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि आतून हळूहळू फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. टायर तिथे उलटा दाबला तेव्हा तारेचं टोक दिसलं. केसाएवढी बारीक, तांदळाच्या कणीएवढी लांब, गंजलेली तार. चिमट्याने ओढून त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. ट्रकच्या टायरमध्ये पोलादी तारांचं जाळं असतं. टायर फाटला की त्याचे तुकडे रस्त्यावर पडतात आणि मालवाहू गाड्यांच्या रस्त्याने रोज येणाऱ्याला ते भेटतातच.

पॅच त्यांनी मलाच लावायला दिला. काचपेपरने घासणं जमलं, पण सोल्यूशन लावल्याबरोबर मी पॅच ठेवायला गेले तर हात धरला. "सुकू द्या. बोटाला चिकटेनासं झालं की मग." पाच मिनिटं नुसतं बसून राहिलो. घरी मी आधी लावलेले पॅच का सुटायचे ते त्या पाच मिनिटांत कळलं. आता टायर चढवताना कंपनीचं नाव नेहमी वॉल्व्हपाशी आणते, म्हणजे ट्यूबमधल्या भोकावरून टायरमधली जागा लगेच सापडते.

त्याच्या पुढच्या रविवारी त्र्यंबकेश्वरला गेले. अंजनेरीच्या पुढे थोडा चढ आहे, तिथे जोर लावला की चेन दातांवरून सटकायची. खाड्कन आवाज आणि पाय पोकळीत. पडले नाही, पण मागून येणारी एसटी बघून काळजात धस्स झालं. परत येताना सगळा वेळ हलक्या गियरवर आले.

सोमवारी कारखान्यातली स्टीलची पट्टी घेऊन बसले. सायकलच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणजे 24 कड्या पिनपासून पिनपर्यंत 12 इंच, 304.8 मिलिमीटर भरायला हव्यात. लोखंड ताणलं जात नाही, पिना आणि त्यांची भोकं झिजतात आणि चेन लांब होते. 306.4 च्या आसपास आली की चेन बदलायची. 308 झाली असेल तर मागच्या चाकावरचं दातांचं चक्र, फ्रीव्हील, तेही तिने खाल्लेलं असतं. माझी पूर्ण 308 भरली. दोन्ही बदलावं लागलं. वेळेत मोजली असती तर नुसत्या चेनवर भागलं असतं, याची हळहळ अजून आहे.

त्र्यंबकेश्वरच्या त्याच फेरीत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मीटरने 55.1 किलोमीटर दाखवले होते, फोनने 57.6. इतके दिवस फोनच चुकतो असं धरून चालले होते. मीटर मात्र अंतर मोजतच नाही. चाकाच्या स्पोकवरचं चुंबक सेन्सरसमोरून किती वेळा गेलं ते मोजतं आणि आपण भरलेल्या चाकाच्या घेराने गुणतं. माझ्या मीटरमध्ये घेर भरला होता 2050 मिलिमीटर, तो 26 इंची चाकाचा. माझं चाक त्याहून मोठं.

पार्किंगमध्ये खडूची रेघ मारली, वॉल्व्ह बरोबर खाली आणला आणि सायकल तीन फेरे सरळ ढकलली. 6.47 मीटर. मुलगी म्हणाली, "आई, तू बसून कर ना, तू बसल्यावर टायर दबतो." खरंच होतं. ती हँडल धरून चालली, मी सीटवर. या वेळी 6.43. तिनाने भागलं, 2143 मिलिमीटर. म्हणजे वहीतला प्रत्येक आकडा साडेचार टक्क्यांनी वाढवायला हवा होता. चेन वहीत होते तसे 4,300 नाही, जवळजवळ 4,500 किलोमीटर चालली होती. 2015 मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करण्याची जी शर्यत पुरी केली, ती साधारण 4,800 किलोमीटरची. त्यांचं ते काही दिवसांचं अंतर आणि माझं वर्षभराचं, पण आकडे इतके जवळ बघून ऊर भरून आला.

वहीतले जुने आकडे खोडले नाहीत, शेजारी लाल पेनाने दुरुस्त केले. ती तार सेलोटेपने त्या तारखेपाशी चिकटवली आहे. नव्या चेनची पहिली नोंद 304.8. दर 500 किलोमीटरला पट्टी लावायची असं ठरवलं आहे, आणि काल पहिल्या 500 ला मापली तर केसाचाही फरक नव्हता.