आई, याला मराठीत काय म्हणायचं?

"तू अजून ते ऐकतेस?" वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी मला हा प्रश्न येतो. नणंदेकडून, ऑफिसातल्या पोरांकडून, एकदा तर फिजिओथेरपिस्टकडून, माझी मान तिच्या हातात असताना. 'ते' म्हणजे गँगस्टा रॅप, अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमधल्या टोळ्यांचं, पोलिसांचं, शिव्यांनी भरलेलं गाणं. जोर मात्र 'अजून'वर असतो. लहानपणी आलेल्या कांजिण्या सत्तेचाळिसाव्या वर्षीही गेल्या नाहीत का, अशा सुरात. तर आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मोठ्या माणसांनी गांभीर्याने घ्यावं असं त्यात काही नाही, असं तुमचं म्हणणं. अहो, तुमच्याआधी ते पोलिसांनी गांभीर्याने घेतलं. १९८९च्या ऑगस्टमध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र धाडलं, की तुमचं गाणं पोलिसांवरच्या हिंसेला उत्तेजन देतं. गाणं १९८८चं, आणि त्या गटातल्या आइस क्यूब या रॅपरचं वय तेव्हा एकोणीस. आणि गाण्यातला राग उगाच नव्हता. त्याच १९८८ साली लॉस एंजेलिसच्या डाल्टन अव्हेन्यूवर ऐंशीच्या वर पोलीस ड्रग्ज शोधायला घरांत घुसले, संडासाची भांडी फोडली, भिंतींना भोकं पाडली. हाती लागलेला गांजा आणि कोकेन मिळून पावशेरसुद्धा भरलं नाही. शहराला पुढे लाखो डॉलर भरपाई मोजावी लागली. रॅपरांच्या ओळी तर तिकडचे सरकारी वकील कोर्टात पुरावा म्हणून वाचून दाखवतात. इतक्या वेळा, की कॅलिफोर्नियाला २०२२ मध्ये त्याला आळा घालणारा कायदा करावा लागला. खुनाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्यांवर ही वेळ आल्याचं मी ऐकलेलं नाही.

एवढं बोलले की समोरचा गप्प होतो. १९९६ साली कॉलेजच्या कँटीनमध्येही व्हायचा. तेव्हा माझं पालुपद होतं, की ही मुलं बातमीदार आहेत, आरशावर कशाला चिडता? बायकांबद्दलच्या ओळींचा विषय निघाला की मी म्हणायचे, ते पात्र बोलतंय. दलित कवितेतल्या शिव्या चालतात आणि या चालत नाहीत होय? हे वाक्य तर हुकमी होतं. त्यापुढे कुणाची बोलायची टाप नसे. त्या मुलीला आज विचारावंसं वाटतं, की बाई, ती कविता बाजारातल्या बाईच्या बाजूने उभी राहून शिवी देते. तुझ्या वॉकमनमधला माणूस कुणाच्या बाजूने उभा आहे?

आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. १९९१च्या जानेवारीत एन.डब्ल्यू.ए.मधल्याच डॉ. ड्रेने हॉलिवूडच्या एका क्लबात डी बार्न्स या टीव्ही निवेदिकेला मारलं. कोर्टात त्याने आरोप नाकारला नाही. जाहीर माफीला २०१५ उजाडलं. त्याचा 'द क्रॉनिक' हा अल्बम आला १९९२च्या डिसेंबरात. कॅसेट पाठवणाऱ्या आतेभावाने पत्रात हे प्रकरण लिहिलं होतं. मी पत्र घडी घालून ठेवलं आणि बी साइड लावली.

आता ते नाशिकचं सांगते, कारण खरं उत्तर तिथे आहे. असलं तर.

गेल्या मे महिन्यात ठाण्याहून निघालो होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी चौदा वर्षांची लेक, मागे आई, मांडीवर खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. लेकीने माझी गाणी लावली. आई दोन गाणी गप्प बसली. शहापूरच्या पुढे म्हणाली, "ठेका छान आहे गं. पण म्हणतोय काय तो?"

"काही नाही, त्यांची आपापसातली भांडणं."

लेकीने फोनवर शब्द शोधले आणि आजीला मराठीत सांगायला लागली. सुरुवातीला बरं चाललं होतं. गाडी, मित्र, मागे पोलीस. वर्गात उभं राहून धडा वाचावा तशी वाचत होती. कसारा घाट लागला. रेंज जाईल अशी मला आशा होती. गेली नाही. मग ती अडली.

"आई, याला मराठीत काय म्हणायचं?" तिने फोन माझ्यासमोर धरला. मी वळणाकडे बघत म्हटलं, "सोड ते."

मागून आई म्हणाली, "रांड म्हण. तेच असणार."

तो शब्द लेकीच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. तिने तो घालून ओळ पुरी केली. मग पुढची. त्या पुढच्या ओळीत त्या बाईचं काय करायचं ते होतं. अठ्ठावीस वर्षं मी ती ओळ तोंडपाठ म्हणत आले आहे, भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर. माझ्या मुलीच्या आवाजात, मराठीत, ती मला ओळखू आली नाही. म्हणजे आली. मी गाणं बंद केलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, "आपल्या खालच्या मजल्यावरचा तो. पिऊन आला की हेच. चाळीत फुकट ऐकू यायचं. तू याचे पैसे भरतेस?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.

तो आरडाओरडा सुरू झाला की आई रेडिओ मोठा करायची. मी सात-आठ वर्षांची असेन. वरून कुणी खाली उतरलं असं मला आठवत नाही. इंग्रजी हा माझा मोठा केलेला रेडिओ आहे, हे मला घाटात कळलं. कॉम्प्टनमधल्या पोरांचा राग मी मराठीतून ऐकते, तो मला लगेच आपला वाटतो. त्यांच्या शिव्या तेवढ्या इंग्रजीत ठेवते.

म्हणून सगळं सोडून द्यावं? तेही पटत नाही. ह्यूस्टनच्या गेटो बॉईज या रॅप गटाचं १९९१चं एक गाणं आहे. त्यातल्या गुंडाला झोप येत नाही, कुणीतरी पाळतीवर आहे असं सतत वाटतं. शेवटच्या कडव्यात हॅलोविनच्या रात्री एकजण एका धिप्पाड माणसाला बडव बडव बडवतो, आणि बघतो तर समोर कुणीच नाही, सिमेंटवर बुक्के मारून स्वतःचे हात रक्ताळलेत. हे मला विशीत भुताचं गाणं वाटायचं. आता पहाटे तीनला जाग येते तेव्हा ते आठवतं, आणि त्या खालच्या मजल्यावरच्या माणसाची पहाट कशी जात असेल असंही मनात येतं. मग स्वतःचाच राग येतो. त्याच्या पहाटेची काळजी मला, आणि तिच्या पहाटेची?

नणंद म्हणते, त्यातलं चांगलं तेवढं ठेव. जणू तांदूळ निवडायचेत. गेल्या रविवारी बसले होते निवडायला. पाच गाणी काढायची हे नक्की होतं. नाशिकच्या वाटेवरचं पहिलंच. शेवटचं एकदा म्हणून लावलं, बास सुरू झाला, आणि हेडफोन घालून मी ते तीनदा ऐकलं. लेक दारात येऊन उभी होती, कधीपासून ते मला माहीत नाही.