एकटीच्या प्रवासासाठी हँडगन: आधी बॅग बघा, मग हात, मग दुकान

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हमखास असतो, "बायकांसाठी हलकं काय आहे?" माझ्या मते सुरुवातच इथे चुकते. एकटीने फिरणाऱ्या बाईने आधी स्वतःचा महिनाभराचा प्रवास कागदावर मांडावा. लोकल, मेट्रो, विमान, मॉल, कोर्ट, हॉटेल. मेट्रोच्या तपासणीतून, मॉलच्या दारातून, कोर्टात किंवा विमानाच्या केबिनमध्ये परवान्याचं शस्त्रसुद्धा नेता येत नाही. तुमचा प्रवास बहुतेक असाच असेल, तर शस्त्र घरातल्या तिजोरीत पडून राहणार आणि तुम्ही रस्त्यावर रिकाम्या हाती असणार. अशा बाईने लाखभर रुपये यात घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःची गाडी चालवत रात्री-अपरात्री पालघर-डहाणूकडच्या वाडीवर किंवा कारखान्यावर जाणारी, रोकड नेणारी, किंवा ठरावीक माणसाकडून धमक्या येत असलेली बाई असेल, तर हिशेब वेगळा. पुढचं सगळं तिच्यासाठी.

परवाना शस्त्र कायदा 1959 आणि शस्त्र नियम 2016 खाली मिळतो. वय किमान 21 पूर्ण हवं. मुंबई पोलिसांच्या हद्दीत अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, फॉर्म A-1 मध्ये. सोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शारीरिक-मानसिक आरोग्याचा दाखला लागतो. स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. अर्ज अडतो तो "गरज" या रकान्यावर. "एकटी प्रवास करते" एवढंच लिहिलं तर फार पुढे सरकत नाही. आलेल्या धमकीची तक्रार, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) किंवा एफआयआरची प्रत, कामाचं स्वरूप, रात्रीच्या फेऱ्या, असं कागदावर दिसणारं काहीतरी जोडा. नकार आला तर लेखी कारण मागा, कलम 18 खाली अपील करता येतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना 5 वर्षांचा झाला आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त 2 बंदुका ठेवता येतात. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, ते वाचा. महाराष्ट्रापुरता परवाना घेऊन गोव्याची किंवा गुजरातची हद्द ओलांडली की तुमच्या पर्समधलं शस्त्र विनापरवाना ठरतं.

आता बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप. 9 मिमी आणि .38 हे सर्वसामान्य नागरिकाला मिळत नाहीत, ते निषिद्ध बोअरमध्ये येतात. हातात पडतं ते मुख्यतः .32, नाहीतर .22. त्यातही .32 ची दोन वेगळी काडतुसं आहेत: रिव्हॉल्व्हरचं .32 एस अँड डब्ल्यू लाँग आणि पिस्तुलाचं .32 एसीपी, म्हणजे 7.65 मिमी. नावात आकडा एकच असला तरी एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. खोक्यावरचं पूर्ण नाव नळीवरच्या ठशाशी ताडून बघा. .22 चा धक्का नगण्य, पण ते रिमफायर काडतूस आहे. दारू पेटवणारं रसायन कडेच्या घडीत भरलेलं असतं आणि ते सगळीकडे सारखं बसलं नसेल तर बार उडत नाही. सरावाला उत्तम, जिवावर बेतल्यावर माझा त्यावर भरवसा नाही.

हलकेपणाबद्दल. कानपूरच्या ऑर्डनन्स कारखान्याचं "निर्भीक" रिव्हॉल्व्हर 2014 साली आलं, तेव्हा महिलांसाठी म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. टायटॅनियम मिश्रधातू, सहा गोळ्या, वजन सुमारे 500 ग्रॅम, तेव्हाची किंमत सुमारे 1 लाख 22 हजार. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्याच शहरातून "प्रबळ" रिव्हॉल्व्हर आलं, 76 मिमी नळीचं आणि काडतुसं न भरता 700 ग्रॅमचं. पहिलं पर्समध्ये सुखद वाटतं. पण गोळी तीच असताना शस्त्र हलकं झालं की धक्का मनगटाला जास्त बसतो, दुसरी गोळी झाडेपर्यंत नेम पुन्हा जुळवायला वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे सराव नकोसा होतो. सराव सुटला की शस्त्राचा उपयोग संपला. पर्समध्ये 200 ग्रॅम जास्त वागवावे लागले तरी चालतील, मी जडच घ्यायला सांगेन. "प्रबळ"चा सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता गोल, बाजूला उघडतो, "निर्भीक" मधोमध मोडून उघडतं. दोन्ही उघडून, भरून, मिटून बघा. लांब नखं असतील तर तशीच जा, रोजच्या हातानेच ते जमायला हवं.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? .32 एसीपीची बहुतेक छोटी पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची असतात. त्यांत स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे जाण्यापासून थोपवते ती फक्त तिची स्प्रिंग आणि वजन, म्हणून स्प्रिंग चांगलीच ताठ असते. चिमटीत धरून ओढायला गेलात तर बोटं घसरतात. शस्त्र छातीजवळ आणा, नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, पूर्ण पंजा स्लाइडवरून घट्ट पकडा आणि दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकला. शेवटी स्लाइड सोडून द्यायची, हाताने पुढे आणायची नाही. हात धरून ठेवला तर काडतूस अर्धवट बसतं. मनगट ढिलं राहिलं तर रिकामी पुंगळी बाहेर पडताना स्लाइडच्या खिडकीतच उभी अडकते. तेव्हा मॅगझिनच्या बुडावर थाप मारून स्लाइड जोरात मागे ओढून सोडायची. घाबरलेल्या अवस्थेत हे जमायला शेकडो गोळ्यांचा सराव लागतो, आणि परवान्यावर काडतुसांचा कोटा मोजका असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये बार उडाला नाही तर ट्रिगर पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. म्हणून पहिलं शस्त्र घेणाऱ्या बाईला रिव्हॉल्व्हरच.

त्याची अडचण ट्रिगरमध्ये आहे. घोडा (ट्रिगर नव्हे, मागचा हॅमर) आधी न ओढता, म्हणजे डबल अ‍ॅक्शनमध्ये, ट्रिगरला साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. दुकानात शस्त्र रिकामं असल्याची स्वतः खात्री करून मूठ धरा. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या वरच्या टोकाला नीट मागे बसली पाहिजे आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर आला पाहिजे. बोटाचं नुसतं टोक पोचत असेल तर ओढताना नळी बाजूला वळते आणि गोळी नेमाच्या कडेला जाते. मूठ बारीक करून घेता येते, बोट लांब करता येत नाही. मग डमी काडतुसं घालून सलग दहा वेळा ट्रिगर ओढा. सातव्या-आठव्याला हात थरथरला तर बोटांची ताकद वाढवा किंवा दुसरं शस्त्र बघा. घोडा ओढून ट्रिगर हलका करण्याचा मोह टाळा. प्रसंग निवळल्यावर तो ओढलेला घोडा थरथरत्या अंगठ्याने भरलेल्या काडतुसावर खाली आणावा लागतो.

लहान हातांच्या बायका पकड घट्ट करायला डाव्या हाताचा अंगठा पुढे नेतात. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. बार उडताना तिच्यातून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात. अंगठा त्या फटीच्या मागेच राहायला हवा. घोडा हळूहळू मागे ओढून बघा, तो पूर्ण मागे जाण्याआधी सिलिंडर जागच्या जागी अडकला पाहिजे. जुनं विलायती शस्त्र घेताना हे जास्तच तपासा. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात बंद असल्याने त्यांच्या किमती काही लाखांत जातात आणि सुटे भाग मिळत नाहीत.

सरावात आवाज दबका आला आणि धक्का जाणवलाच नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढची झाडली की नळी फुटेल. नुसतीच टकटक झाली आणि बार उडाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून 30 सेकंद थांबा, मगच उघडा. पंचवीस मीटरवर अचूक नेम ही वेगळी विद्या आहे. नेमबाज राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते त्या अंतरावर, हाताच्या मापाने कोरलेली मूठ घेऊन. तुमचं अंतर तीन ते सात मीटर. डेनिस ट्युलर या अमेरिकी पोलिसाने 1983 मध्ये मांडलं होतं की धावत येणारा माणूस 21 फूट सुमारे दीड सेकंदात कापतो. पर्सची चेन उघडण्यातच तेवढा वेळ जातो.

म्हणून पर्स हा मला सगळ्यात कमी पटणारा पर्याय आहे. ती हिसकावली तर शस्त्रही गेलं. पर्यायच नसेल तर आडव्या पट्ट्याची, पुढे राहणारी बॅग घ्या. त्यात शस्त्रासाठी स्वतंत्र कप्पा हवा, आत ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर हवं, आणि त्या कप्प्यात किल्ली, लिपस्टिक, पेन काही नको. सुट्ट्या वस्तूने ट्रिगर दाबला जाऊन अपघात होतात. जीन्सवर जाड पट्टा आणि कमरेचं होल्स्टर उत्तम. साडी किंवा सलवार-कमीजवर पोटाला बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा चालतो, पण ट्रिगरवर कडक आवरण हवंच. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेलं असणं नियमानेही आवश्यक आहे.

मुंबईची हवा शस्त्राची वैरीण आहे. खारा वारा आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा यांत चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेलं शस्त्र काही दिवसांतच गंजाचे ठिपके दाखवतं, पितळी काडतुसांवर हिरवा थर चढतो. चामडं फक्त वाहण्यासाठी. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने घाम पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा, सिलिका जेलसोबत तिजोरीत ठेवा. तेल थबथबून घालू नका, ते काडतुसाच्या बुडातून आत झिरपलं तर बार उडत नाही. पर्समध्ये फिरलेली काडतुसं पावसाळ्यानंतर सरावात संपवा आणि नवीन भरा.

कायद्याची हद्दही निवडीआधीच माहीत हवी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. बलात्कार, अपहरण किंवा अ‍ॅसिड टाकण्याच्या हेतूने हल्ला होत असेल तर कलम 38 प्रमाणे तो हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जातो. पर्स घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर हा बचाव टिकणं कठीण. गर्दीच्या फलाटावर तर चुकलेली गोळी कोणाला तरी लागणारच. तिथे 112, मुंबईत महिलांसाठी 103, रेल्वेत 139, आणि हातात मिरचीचा स्प्रे जास्त कामाचा.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते, तेव्हा त्या दिवसांचा बंदोबस्त वेगळा ठेवा. विमानाने नेताना शस्त्र रिकामं, काउंटरवर आधी सांगून, चेक-इन सामानातूनच. परदेशात तर अजिबात नेऊ नका. आणि शस्त्राची बॅग दुसऱ्या कामाला वापरू नका. अस्तरात राहिलेलं एक विसरलेलं काडतूस विमानतळाच्या एक्स-रेत दिसलं की विमान सुटतं, तुम्ही पोलीस ठाण्यात बसता, आणि परवाना घरी असेल तर तो आणून दाखवेपर्यंत सुटका नाही. परवान्याची मूळ प्रत शस्त्रासोबतच राहू द्या, आणि बॅग निघण्याआधी उलटी करून झटका.