‘पेक्षा’ ज्याला लागते ते शंभर: सीसॅटमधील शेकडेवारीचा माझा अनुभव

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, ज्याला आम्ही सगळे सीसॅट म्हणतो, 200 गुणांचा असतो: 80 प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, दोन तासांचा वेळ, आणि निर्णयक्षमतेचे प्रश्न वगळता चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण वजा. हा पेपर केवळ पात्रतेचा आहे. त्यात 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळवले की पुढचा निकाल पहिल्या पेपरवर ठरतो. 2023 च्या पूर्वपरीक्षेत माझी 31 उत्तरे बरोबर आली, 23 चुकली आणि गुण झाले 63.125. पहिला पेपर मनासारखा गेला होता, पण त्याचा काही उपयोग उरला नाही. त्या 23 चुकांपैकी एक जरी बरोबर आली असती तर वजा झालेले 0.625 वाचले असते, वर अडीच मिळाले असते आणि बेरीज 66.25 झाली असती. हा हिशेब मी त्या दिवसांत इतक्या वेळा केला की तो अजूनही तोंडपाठ आहे.

अंतिम उत्तरतालिका समोर ठेवून चुकलेले प्रश्न तपासले, तेव्हा त्यांतले सात शेकडेवारी आणि गुणोत्तराचे निघाले. मी इतिहास घेऊन बी.ए. केले आहे आणि आपले गणित कच्चे आहे असे दहावीपासून धरून चालले होते. परंतु त्या सातांपैकी पाच प्रश्नांत माझ्या आकडेमोडीत एकही चूक नव्हती. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, फक्त शंभर कोणाला मानायचे ते चुकले होते. म्हणजे उणीव गणितात कमी आणि वाचनात जास्त होती, आणि मराठी वाक्य नीट वाचणे तर मला येत होते.

सुरुवात अगदी नेहमीच्या प्रश्नापासून केली. अ चा पगार ब च्या पगारापेक्षा 25 टक्क्यांनी जास्त आहे, तर ब चा पगार अ च्या पगारापेक्षा किती टक्क्यांनी कमी आहे? पूर्वी मी घाईत 25 लिहून मोकळी होत असे. क्लासच्या वहीत सूत्र होते, पण ते कधी लावायचे हे कळत नव्हते. आता वाक्याकडे पाहिले तर उत्तर वाक्यातच होते: ‘पेक्षा’ ज्या शब्दाला लागते ते शंभर. पहिल्या भागात ‘पेक्षा’ ब च्या पगाराला लागले आहे, म्हणून ब 100 आणि अ 125. दुसऱ्या भागात ते अ च्या पगाराला लागले, म्हणून आता 125 हाच पाया. 125 मधून 25 कमी, म्हणजे एक पंचमांश, म्हणजे 20 टक्के. ‘पेक्षा’ नसेल तेव्हा ‘च्या’ हेच काम करते: ‘मुलींच्या संख्येच्या 40 टक्के’ असे आले की शंभर मुली, एकूण विद्यार्थी नव्हेत. ‘वरून’ आले, म्हणजे दर 12 टक्क्यांवरून 15 टक्के झाला, तर पाया 12. वाढ तीन टक्केबिंदूंची, पण शेकडा वाढ 25. पेन्सिलीने त्या प्रत्यया-अव्ययांखाली रेघ ओढायची आणि मगच आकड्याला हात लावायचा, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

याच काळात जुन्या लोकांचे पाढे मला वेगळ्या नजरेने दिसू लागले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे शेवटी 25, 50, 75, 125 आणि 150 टक्क्यांचे पाढे आहेत. पेरणीला घेतलेले धान्य सुगीला सवाईने परत करायचे म्हणजे 25 टक्के जादा द्यायचे, हे सांगायला ज्यांना टक्का शब्दाची गरज नव्हती त्यांच्याकडून मी एक गोष्ट उचलली: शेकड्याचा आधी अपूर्णांक करायचा. सवापट म्हणजे पाच चतुर्थांश. उलट वाटेने चार पंचमांश, म्हणजे पाचवा हिस्सा कमी. एक तृतीयांश वाढले तर परत येताना एक चतुर्थांश कमी करावे लागते, एक पंचमांश वाढले तर एक षष्ठांश. साखर 25 टक्क्यांनी महागली आणि खर्च तितकाच ठेवायचा असेल तर वापर किती कमी करावा, हा प्रश्नही पगाराच्याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे हे लक्षात आल्यावर निम्मा धडा संपल्यासारखे वाटले.

तरीही पायाचे हे प्रकरण खऱ्या अर्थाने पटले ते आमच्या बेदाणा वाळवण्याच्या शेडवर. आम्ही तासगाव तालुक्यातले. घरी द्राक्षबाग आहे आणि माल बेदाण्याला जातो. निकालानंतर मी पुण्यातली अभ्यासिका सोडून गावी आले होते, आणि 2024 च्या हंगामात शेडच्या कडेला खुर्ची टाकून सराव करत असे. एका दिवशी प्रश्न समोर आला: ताज्या द्राक्षांत 80 टक्के पाणी असते आणि बेदाण्यात 15 टक्के, तर 85 किलो द्राक्षांपासून किती बेदाणा मिळेल? मी 80 मधून 15 वजा केले, 65 टक्के पाणी उडाले असे धरले, 85 चे 65 टक्के म्हणजे 55.25 किलो काढून टाकले आणि 29.75 किलो असे उत्तर लिहिले. अण्णा क्रेट उतरवून घेत होते. त्यांना उत्तर सांगितले तर ते काम न थांबवता म्हणाले, “एवढा कुठला गं पडतोय? चाराला एक, लई तर थोडा वर.”

चार किलोला एक किलो या मापाने 85 किलोचा बेदाणा साधारण 21 किलो व्हायला हवा. माझे उत्तर त्याहून पावणेनऊ किलोंनी जास्त होते, आणि जी गोष्ट मी लहानपणापासून काट्यावर पाहत आले तीच कागदावर चुकवत होते. मग रॅककडे बघत बसले. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून काढलेले घड जाळीवर पसरले होते. वरच्या रॅकचे हिरवे, फुगीर, आणि खालच्या, आधी टाकलेल्या रॅकचे आक्रसून पिवळसर झालेले. या दोन रॅकांत काय बदलले आणि काय तसेच राहिले? पाणी गेले, गर आणि साखर जागच्या जागी राहिली. 80 टक्के हे 85 किलोंचे आहेत, पण 15 टक्के हे बेदाण्याच्या वजनाचे आहेत, आणि ते वजन तर अजून काढायचे आहे. दोन वेगळ्या शंभरांतले टक्के मी एकमेकांतून वजा केले होते. न बदललेला भाग धरला की प्रश्न चार ओळींचा होतो: 85 किलोत घन भाग 20 टक्के, म्हणजे 17 किलो, तोच 17 किलो बेदाण्यात 85 टक्के आहे, म्हणून बेदाणा 20 किलो. अण्णांच्या ‘चाराला एक, थोडा वर’ला ते उत्तर अगदी जुळले, कारण 85 ला 20 म्हणजे सव्वाचाराला एक.

त्या दिवसापासून वहीच्या समासात दोन प्रश्न कायमचे लिहिले: ‘शंभर कोण?’ आणि ‘न बदललेले काय?’ दुसऱ्या प्रश्नाने गुणोत्तराची उदाहरणेही सुटू लागली. 40 लिटर मिश्रणात दुधाचे पाण्याशी गुणोत्तर 4:1 आहे, ते 2:1 करायला किती पाणी घालावे? दूध बदलत नाही, म्हणून दुसऱ्या गुणोत्तरातही दुधाचे चारच भाग करून ते 4:2 असे लिहायचे. वाढला तो पाण्याचा एक भाग, आणि एक भाग म्हणजे 8 लिटर. वयाच्या उदाहरणात दोघांच्या वयांतील फरक बदलत नाही. वडील आणि मुलगी यांची वये आज 5:2 आणि 10 वर्षांनी 2:1 असतील, तर फरक तीन भागांचाच राहावा म्हणून दुसरे गुणोत्तर 6:3 करायचे; प्रत्येकाचा एक भाग वाढला, तो 10 वर्षांचा, म्हणून आजची वये 50 आणि 20. जोडगुणोत्तरांत, म्हणजे अ:ब 3:4 आणि ब:क 6:7 असे असताना, ब ला दोन्हीकडे 12 केले की 9:12:14 मिळते. त्यात फार वेळ घालवण्यासारखे काही नाही.

वेगाचे मात्र सांगायला हवे. 80 प्रश्नांना 120 मिनिटे म्हणजे सरासरी दीड मिनिट. रेघा ओढून वाचू लागल्यावर पहिले तीन आठवडे मला एका उदाहरणाला तीन-तीन मिनिटे लागत होती आणि सराव परीक्षेतले गुण आधीपेक्षाही घसरले. तेव्हा जुन्या पद्धतीकडे वळावेसे फार वाटले. ते केले नाही. रोज दहाच उदाहरणे घेतली, पण प्रत्येकाचे उत्तर मूळ वाक्यात परत घालून तपासले. 29.75 किलो बेदाणा असा तपासला असता तर त्यात 15 टक्के पाणी वगळून 25 किलोंहून अधिक घन भाग निघाला असता, आणि द्राक्षांत तो मुळात 17 किलोच होता. हा ताळा करायला 15 सेकंद पुरतात. साधारण दोन महिन्यांनी रेघ ओढणे आणि वाचणे ही एकच क्रिया झाली.

पुढची पूर्वपरीक्षा लांबत लांबत 1 डिसेंबर 2024 रोजी झाली. सीसॅटमध्ये मी 52 प्रश्न सोडवले. 40 बरोबर आले, 12 चुकले, आणि गुण 92.5 झाले. चुकलेल्यांत गुणोत्तराचा एकच प्रश्न होता: ‘शी’ ज्याला लागते ते गुणोत्तरात दुसरे लिहायचे, ते मी शेवटच्या दहा मिनिटांत आधी लिहिले होते. प्रश्नपत्रिकेवर त्या ‘शी’खाली रेघ नव्हती.