जहाज आधी बुडालं, किल्ला नंतर घेतला?

१८६८ च्या यादवीत जपानच्या नव्या सम्राट-सरकारविरुद्ध उत्तरेतल्या एझो (आजचं होक्काइदो) बेटावर लढलेले नौदल अधिकारी एनोमोतो ताकेआकी यांच्यावरची नोंद तपासताना एका पानावर दोन ओळी लागोपाठ दिसल्या. '१५ नोव्हेंबर १८६८ : काइयो मारू एसाशीला बुडाली.' '९ डिसेंबर १८६८ : गोर्योकाकू किल्ला ताब्यात.' काइयो मारू हे त्यांचं जहाज. पण एझोवरचा हा किल्ला घेतल्यावरच एनोमोतोंची फौज तिथलं मात्सुमाए जिंकून एसाशीकडे सरकली आणि तिला साथ द्यायला काइयो मारू तिकडे गेली. मोहिमेआधीच जहाज बुडेल कसं?

मूळ जपानी तारीख 'अकराव्या महिन्याची १५' अशी आहे. अकरावा महिना म्हणजे नोव्हेंबर असं धरलं की घोटाळा झालाच. जपानचं पंचांग तेव्हा आपल्यासारखंच चांद्र-सौर होतं. त्या वर्षीचा अकरावा महिना १४ डिसेंबरला लागला, म्हणून जहाज बुडालं ते २८ डिसेंबरला. पडताळा सोपा आहे: महिना अमावास्येला सुरू होतो, तेव्हा १५ तारीख पौर्णिमेच्या आसपास यायलाच हवी.

सरसकट महिना-दीड महिना पुढे ढकलून भागत नाही. त्या वर्षी चौथा महिना अधिक होता. वर्षारंभी २५ जानेवारी, म्हणजे फरक २४ दिवसांचा. आठ जहाजं घेऊन एनोमोतो एदोहून (आजचं टोकियो) निघाले ती तारीख आठव्या महिन्याची १९, म्हणजे ४ ऑक्टोबर. इथे फरक ४६ दिवसांचा. प्रत्येक तारीख कोष्टकातूनच काढावी लागते. वर्षाच्या नावातही फसगत होते. जपानी वर्षं कालखंडाच्या नावाने मोजतात; ते निघाले तेव्हा केइओ ४ चालू होतं. मेइजी हे नाव २३ ऑक्टोबरला जाहीर झालं आणि वर्षारंभापासून लागू धरलं गेलं.

तारखा जाग्यावर बसल्या की एनोमोतोंची अडचण नीट दिसते. काइयो मारू हॉलंडमध्ये दोर्द्रेख्तला बांधलेली, २६ तोफांची. शिक्षण संपवून १८६७ मध्ये ते तिच्यावरूनच परतले होते. तिला सोडवायला आलेलं शिन्सोकू हे जहाजही तिथेच बुडालं. काइयो मारू बुडाल्यावर बरोबर ३० दिवसांनी, २७ जानेवारी १८६९ ला, एझोच्या सरकारचे प्रमुख म्हणून त्यांची निवड झाली. सर्वांत मोठं जहाज गमावलेल्या माणसाची ही निवड होती, आणि मला तरी त्यांच्या चरित्रातला हाच महिना सर्वांत जड वाटतो. सम्राट-सरकारपुढची त्यांची शरणागती २७ जून १८६९ ची. ती अनेक ठिकाणी '१८ मे' अशी छापलेली सापडते, कारण तेच.

१ जानेवारी १८७३ पासून जपानने ग्रेगोरियन कालगणना घेतली. त्यामुळे जानेवारी १८७४ मध्ये ते व्हाइस ॲडमिरल झाले आणि रशियाला वकील म्हणून नेमले गेले, त्या तारखा आहेत तशाच ठेवायच्या. सखालिन-कुरील करार मात्र सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला, आणि रशियात जुनी ज्युलियन कालगणना चालू होती. २५ एप्रिल आणि ७ मे १८७५ या दोन तारखा एकाच सहीच्या आहेत. मसुद्यात त्यांचे दोन करार झाले होते, एक खोडला.