कला इतिहासाची परीक्षा आणि ती इमेज लिस्ट

वाचन, नोट्स वगैरे व्यवस्थित झालं, त्यात काही विशेष नाही. लिहितेय ते त्या इमेज लिस्टबद्दल, निकाल लागला तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून. आमच्या पेपरात कलाकृतीचा फोटो दाखवतात, कलाकार, नाव, काळ, माध्यम लिहायचं आणि पुढे दोन कलाकृतींची तुलना. तयारीला मिळाली ती इमेज लिस्ट, म्हणजे कलाकृतींच्या फोटोंची एक पीडीएफ, सगळे फोटो एकाच मापाचे, पुसट, खाली फक्त नाव नि साल! जेरिकोचं 'राफ्ट ऑफ द मेडुसा' हे चित्र जवळपास ५ मीटर उंच, ७ मीटर रुंद, आणि दालीचं 'पर्सिस्टन्स ऑफ मेमरी' २४ बाय ३३ सेंटीमीटर, एफोर कागदापेक्षा थोडंसंच मोठं. लिस्टमध्ये दोन्ही शेजारीशेजारी, सारखीच. एवढ्या मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर माणसाला काय होत असेल हे त्या फोटोवरून कसं कळणार? आणि तुलनेत आकार, माध्यम यांना मार्क आहेत. मेल करून विचारलं तर बरेच दिवस काही नाही, मग उत्तर आलं की लिस्टमध्ये आहे तेवढं पुरेसं आहे. पुरेसं नव्हतं, पेपरात तेच विचारलं.

शेवटी एकेक कलाकृती म्युझियमच्या साइटवर शोधून माप नि माध्यम स्वतः लिहून काढलं, वेळ खूप गेला पण इथेच सगळं उलगडलं. तीन डेव्हिड घ्या, म्हणजे बायबलमधल्या गोलियथ या महाकाय योद्ध्याला मारणाऱ्या डेव्हिडचे तीन पुतळे. दोनातेल्लोचा ब्राँझचा, दीड मीटरच्या थोडा वर, लढाई संपलीय, पायाखाली गोलियथचं मुंडकं. मायकेलअँजेलोचा (१५०१-०४) संगमरवरी, ५ मीटरच्या वर, कारण मुळात तो कॅथेड्रलवर उंचावर बसवायचा होता, आणि हा लढाईच्या आधीचा, नजर रोखलेली. बर्निनीचा (१६२३-२४) साधारण माणसाएवढा, दगड भिरकावतानाच पकडलेला, म्हणून आपण त्याच्याभोवती फिरायला लागतो. माप कळलं की 'असं का केलं' हे आपोआप सुचतं आणि तुलनेचं उत्तर तिथूनच सुरू होतं, मला ह्या प्रश्नाला सगळ्यात चांगले मार्क पडले आणि त्याचा अभिमान आहे.

हां, सालांचं राहिलं. सुटी सालं पाठ करत बसू नका, एक पक्कं धरा आणि बाकीची त्याच्या मागेपुढे लावा. १८७४ चं इम्प्रेशनिस्टांचं (क्षणाचा प्रकाश नि रंग टिपणारे फ्रान्समधले चित्रकार) पहिलं प्रदर्शन धरलं की मोने आणि माने या सारख्या नावाच्या दोन चित्रकारांचा गोंधळही सुटतो, मोने त्यात होता, मानेनं भाग घेतला नव्हता.

१९११ च्या आसपासची पिकासो आणि ब्राक या दोन चित्रकारांची चित्रं मात्र शेजारी ठेवून रोज बघा, एकदा बघून कुठलं कुणाचं ते ओळखू येत नाही. आणि लिस्ट हातात आली की त्याच दिवशी मापं शोधायला घ्या, कुणाच्या मेलची वाट बघू नका.