मॉन्ट्रियलच्या थंडीत अंगावर काय चढवायचं

मॉन्ट्रियलला निघताना बॅगेत दोन जाड स्वेटर कोंबायचा मोह होतो. माझं ऐकाल तर ते घरीच ठेवा. जानेवारीत पारा अधूनमधून उणे २५ पर्यंत उतरतो हे खरं, पण इथे जास्त छळतो तो ओलावा.

बाहेर उणे १५ आणि मेट्रो स्टेशनात चक्क उकाडा. जाड स्वेटर अंगातच राहतो, घाम येतो, सुती बनियन तो पिऊन बसतं आणि बाहेर पडताच पाठ गार पडते. म्हणून अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर पातळ फ्लीस (मऊ, लोकरीसारखं कृत्रिम कापड) आणि वरून वारा अडवणारं, मांड्या झाकणारं पिसांचं जाकीट. स्टेशनचं दार ढकलण्याआधीच जाकिटाची चेन उघडायची. घाम फुटल्यावर उघडून उपयोग नाही. जीन्सही सुतीच, आत थर्मल नसेल तर मांड्या बधिर होतात.

घरातून निघताना नुसतं तापमान बघू नका. उणे १५ असताना ताशी ३० किलोमीटर वारा सुटला, तर अंगाला ते उणे २६ सारखं लागतं. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. कानटोपी कानाच्या पाळ्यांखाली उतरायला हवी. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त ऊबदार, फक्त त्यात फोन चालवता येत नाही.

पैसे खर्च करायचे तर बुटांवर. जाड लोकरीचा एकच मोजा घालून माप बघा, आत बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की आतली हवा जाते, रक्तप्रवाह आवळला जातो आणि पाय उलट जास्त गारठतात. आतलं नमद्याचं अस्तर रोज रात्री काढून वाळवा, पण भिंतीलगतच्या हीटरवर ठेवू नका. बर्फ वितळवायला फुटपाथवर टाकलेल्या मिठाचे बुटांवरचे पांढरे डाग निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घेऊन पुसले की जातात.

आणि हो, संक्रांतीचं हळदीकुंकू ऐन जानेवारीत. परकराच्या आत फ्लीसचं अस्तर असलेली लेगिंग, निऱ्या गुडघ्यापर्यंत वर खोचलेल्या, पायात बूट, चपला पिशवीत. मिठाच्या चिखलात काठ बुडाला तर जरीचं काही खरं नाही.

मार्च-एप्रिलला मात्र हलक्यात घेऊ नका. पारा शून्याच्या वर-खाली होतो, दुपारी वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं. तेव्हा पिसांपेक्षा पाणी न शिरणारं जाकीट आणि रबरी बूट बरे. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावले असतील तर आत शिरताना काढा. ओल्या फरशीवर ते बर्फापेक्षा जास्त घसरतात.

मे महिन्यात पिसांचं जाकीट धुतलंत तर दोरीवर टाकू नका, कुबट वास धरतं. ड्रायरमध्ये मंद आचेवर, सोबत दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून फिरवा. पिसांच्या गुठळ्या फुटेपर्यंत थांबायचं, तास-दोन तास सहज जातात.